शाई टाळणारा चिनी चित्रकार

झाओ वू-की या चित्रकाराची ओळख करून देताना एक वाक्य हमखास लिहिलं जातं: त्याने चिनी शाईची परंपरा आणि पाश्चात्त्य अमूर्त कला यांचा मिलाफ घडवला. वाक्य खरं आहे, पण ते वाचून हाती काही लागत नाही. मिलाफ म्हणजे नेमकं काय केलं? कॅनव्हासवर बांबू काढला? तैलरंगात चिनी अक्षरं लिहिली?

त्यात आणखी एक पेच आहे. १९४८ साली पॅरिसला पोचल्यावर या माणसाने पुढची वीसहून अधिक वर्षं चिनी शाईची चित्रकला जाणीवपूर्वक दूर ठेवली. फ्रान्समध्ये बसून शाईने चित्रं काढली, तर लोक ती 'चिनी वस्तू' म्हणून कौतुकाने बघतील, चित्र म्हणून बघणार नाहीत, ही त्याची धास्ती होती. म्हणून तो तैलरंग घेऊन कॅनव्हाससमोर उभा राहिला. आणि तरीही त्या तैलचित्रांसमोर उभं राहिलं की शाई दिसते. हे कसं झालं ते समजलं, तर तो मिलाफ समजला. त्यासाठी आधी शाईकडे जावं लागेल.

चिनी शाई म्हणजे काजळी आणि सरस. पाइनचं लाकूड किंवा तेल जाळून धरलेली काजळी प्राण्यांच्या सरसात मळायची, साच्यात दाबायची आणि सुकवून तिची कांडी करायची. आपल्याकडे पोथ्यांसाठी शाई करत, तिच्यातही काजळीच असे, फक्त सरसाऐवजी डिंक. चित्र काढायला बसलं की सहाणेवर चंदन उगाळावं तशी ही कांडी दगडावर थोड्या पाण्यात उगाळायची. पाणी किती आणि किती वेळ उगाळलं यावर शाई दाट होणार की पातळ, हे ठरतं. एकाच काळ्यातून पाच रंग निघतात असं चिनी चित्रकार हजारेक वर्षांपासून सांगत आले आहेत: करपलेला काळा, दाट काळा, जड, फिका आणि जवळजवळ पाण्यासारखा. कुंचल्याचं टोक दाट शाईत आणि पोट पाण्यात भिजलेलं असेल, तर हे पाचही एकाच फटकाऱ्यात उतरू शकतात.

मग येतो कागद. आनह्वी प्रांतात होणारा श्वान कागद एका झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून बनतो आणि तो शाई पिऊन टाकतो. आपल्या टीपकागदावर थेंब पडला की कडेने झालर पसरते, तसंच काहीसं. कुंचला क्षणभर जास्त थांबला की डाग फुगतो. घाईत गेला की मध्ये पांढऱ्या भेगा राहतात. खोडरबर नाही, वरून दुसरा रंग चढवून झाकायची सोय नाही. हात कुठे अडखळला, कुठे श्वास सुटला, सगळं कागदावर राहतं. ज्यांनी जुनी मोडी कागदपत्रं पाहिली आहेत त्यांना यातलं अर्धं तरी ओळखीचं वाटेल. बोरू न उचलता धावत गेलेल्या त्या ओळीत लिहिणाऱ्याची लय दिसते, मजकूर वाचता आला नाही तरी दिसते. चीनमध्ये लेखन आणि चित्र यांची हत्यारं एकच आहेत: तोच कुंचला, तीच शाई, तोच कागद. त्यामुळे अक्षराकडे आकार म्हणून, वेग म्हणून, जोर म्हणून बघायची सवय तिथे शेकडो वर्षं मुरलेली आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ती आहे कोरी जागा. युरोपच्या जुन्या तैलचित्रात आकाश असेल तर ते निळ्या-करड्या रंगाने भरलेलं असतं. चिनी शाईचित्रात कागद कोराच सोडतात. शेजारी होडी असेल तर तो कोरा कागद नदी होतो, वर डोंगरमाथा असेल तर धुकं होतो. चिनी भाषेत याला ल्यूबाय म्हणतात, म्हणजे 'पांढरं राखून ठेवणं'. श्रावणात घाटात ढग उतरतात तेव्हा समोरचा कडा मधूनच नाहीसा होतो आणि बऱ्याच वर त्याचं टोक पुन्हा दिसतं. मधलं काही दिसत नाही, तरी तिथे डोंगर आहे हे आपण जाणून असतो. ल्यूबायचं काम हेच. कोरी जागा तिथे रिकामी नसते.

शिवाय या चित्रांत बघणाऱ्याने एका जागी उभं राहायचं नसतं. क्वो शी या चित्रकाराचं १०७२ सालचं 'वसंताची चाहूल' हे चित्र आज तैपेईच्या संग्रहालयात आहे. त्याने तीन प्रकारच्या 'दूर'बद्दल विचार मांडला होता: पायथ्याशी उभं राहून वर पाहताना दिसणारं दूर, समोरच्या डोंगराआडून आत डोकावताना दिसणारं दूर आणि जवळच्या टेकडीवरून लांब पाहताना दिसणारं दूर. एकाच चित्रात तिन्ही असू शकतात. नजर चढते, आत शिरते, पसरते. आडव्या लांब गुंडाळीचं चित्र तर हातभर उलगडायचं, बघायचं, उजवीकडून गुंडाळत पुढे जायचं. ते बघायला वेळ लागतो, एखादी वाट चालायला लागतो तसा.

आता इथे एक सावधगिरी. हे सगळं ऐकून 'म्हणजे अमूर्त कला चीनमध्ये आधीच होती' असं म्हणण्याचा मोह होतो. थांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) एका चित्रकाराबद्दल सांगतात की तो दारूच्या धुंदीत रेशमावर शाई ओतायचा, हातापायांनी फासायचा, केससुद्धा शाईत बुडवायचा. जॅक्सन पोलॉकच्या पिढीतल्या अमेरिकन चित्रकारांच्या हजारेक वर्षं आधीचं हे वर्णन आहे. पण गोष्टीचा पुढचा भाग सोडून देऊन चालत नाही: त्या डागांतून तो शेवटी डोंगर, ढग, पाणी घडवायचा. चिनी चित्रकाराने वस्तू कितीही विरघळवली, तरी तिचा धागा तोडला नाही. तो धागा तोडून बघण्याचं धाडस विसाव्या शतकात युरोपने केलं. चित्रातून झाड, माणूस, घर काढून घेतलं तर उरलेल्या रंगाला, रेषेला, पोताला स्वतःच्या बळावर उभं राहता येतं का, हा रशियन चित्रकार कांदिन्स्कीच्या पिढीने विचारलेला प्रश्न होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रश्नाला वेगळं वळण लागलं. पॅरिसमध्ये आर्टुंग आणि सुलाज, न्यूयॉर्कमध्ये पोलॉक आणि क्लाइन यांच्या चित्रांत हाताची हालचालच चित्राचा विषय झाली. रंग टाकताना शरीर कसं वळलं, कुठे जोर आला, याची खूण म्हणजे चित्र. मार्क टोबी या अमेरिकन चित्रकाराने तर चिनी मित्राकडून कुंचला धरायला शिकून घेतलं होतं. म्हणजे पश्चिमेची वाट चालत चालत अशा ठिकाणी आली होती, जिथे चिनी सुलेखनकार मुळातच बसलेला होता. नेमक्या याच वेळी झाओ पॅरिसमध्ये उतरला.

त्याचा जन्म १९२० सालचा, बीजिंगमधला. वडील बँकेत, घरात जुन्या चित्रांची आणि अक्षरांची जाण, आणि अक्षर गिरवून घेणारे आजोबा. चिनी पद्धतीप्रमाणे झाओ हे आडनाव आहे. वू-की हे फ्रेंच वळणाचं लेखन, मूळ उच्चार वूचीच्या जवळ जातो, आणि त्याचा अर्थ 'ज्याला शेवट नाही ते'. नाव ठेवताना घरच्यांच्या मनात काय होतं कोण जाणे, पण पुढे या माणसाच्या चित्रांना क्षितिजाची रेघच उरली नाही, हे आठवून मला दरवेळी नवल वाटतं.

१९३५ साली, पंधराव्या वर्षी, तो हांगचौच्या कलाशाळेत दाखल झाला. शाळेचे प्रमुख लिन फंगम्यान स्वतः फ्रान्समध्ये शिकून आलेले होते. चिनी आणि पाश्चात्त्य दोन्ही शिकवलं पाहिजे हा त्यांचा आग्रह. झाओला मात्र जुन्या चित्रांच्या नकला करत राहण्याचा कंटाळा होता. त्याला ओढ होती ती मासिकांतून आणि पोस्टकार्डांवरून पाहिलेल्या सेझान, मातिस आणि पिकासोची. १९३७ साली जपानशी युद्ध पेटलं, शाळा देशाच्या आतल्या भागात हलली, आणि तिथेच तो शिकला, मग शिकवू लागला. १९४८च्या सुरुवातीला पत्नी लालानसह तो शांघायहून बोटीत बसला आणि महिन्याभराहून लांब प्रवास करून मार्सेलला उतरला. पॅरिसमधल्या पहिल्याच दिवशी दुपारी तो लूव्र बघायला गेला. मोंपार्नास भागात जागा घेतली, शेजारी शिल्पकार जाकोमेत्ती.

पहिली दोन-तीन वर्षं तो रेंगाळला. बारीक रेघांची झाडं, होड्या, घरं, मासे. आँरी मिशो या कवीने त्याच्या आठ शिळाछापांवर कविता लिहिल्या आणि त्या मैत्रीने त्याला आयुष्यभर साथ दिली. मग १९५१ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याने पॉल क्लेची चित्रं पाहिली. लहान कागद, त्यांवर खुणा, बाण, चिन्हं, आणि त्या चिन्हांच्या मागे खोल जाणारा रंग. क्लेला चिनी कवितेत रस होता. म्हणजे चीनमधून निघून युरोपात आलेल्या तरुणाला एका युरोपीय माणसाच्या चित्रात चीन भेटला. तो त्याला परका वाटला नाही आणि परंपरेचं ओझं म्हणूनही नाही.

इथे मराठी वाचकाला वासुदेव गायतोंडे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. नागपुरात १९२४ साली जन्मलेले, मूळ गोव्याकडच्या घरातले, मुंबईच्या जे. जे. मधून १९४८ साली पदविका घेऊन बाहेर पडलेले गायतोंडेही आकृतीकडून अमूर्ताकडे जाताना क्लेच्याच दारातून गेले. पुढे त्यांना झेन विचाराने धरलं, आणि झेनची मुळं चीनमध्येच आहेत. त्यांनीही चित्रांना नावं देणं जवळपास सोडलं. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना नको असे, ते आपल्या चित्रांना वस्तुनिरपेक्ष म्हणत. दोघांत फरकही मोठा आहे. गायतोंड्यांच्या चित्रात सगळं निवलेलं असतं, झाओच्या चित्रात वारं सुटलेलं असतं. या दोघांना शेजारी ठेवून बघण्याचं काम आपल्याकडे मन लावून व्हायला हवं असं मला फार वाटतं.

क्लेनंतर झाओच्या चित्रातल्या होड्या आणि झाडं हळूहळू खुणा होत गेली, आणि १९५४ साली 'वारा' या चित्रात वस्तू पूर्ण गळून पडल्या. करड्या-काळ्या उभ्या पटावर वरून खाली झिरपणाऱ्या दोन ओळी, अक्षरांसारख्या, पण कुठलीही अक्षरं नव्हेत. पुढची चार-पाच वर्षं तो अशाच खुणा काढत राहिला. त्यांची प्रेरणा होती शांग राजवटीतल्या भविष्य सांगण्याच्या हाडांवरची लिपी. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कासवाचं पोटाकडचं कवच किंवा बैलाच्या खांद्याचं हाड तापवत, पडलेल्या तड्यांवरून उत्तर काढत आणि प्रश्न त्यावर कोरून ठेवत. चिनी लिपीचं आपल्याला सापडलेलं सर्वांत जुनं मोठं भांडार ते हेच. झाओने त्या लिपीतून अर्थ काढून घेतला आणि कोरण्याची कृती तेवढी ठेवली. हा काळ अभ्यासकांना फार आवडतो, कारण त्यात 'चिनी' काय ते बोटाने दाखवता येतं. माझ्या मते तो अजून अर्ध्या वाटेवरच होता. खूण अजून पटावर बसलेली आहे, पटात मिसळलेली नाही.

१९५७ साली लालान त्याच्यापासून वेगळी झाली. तो लांबच्या प्रवासाला निघाला, न्यूयॉर्कला गेला, सुलाजबरोबर फिरला, तिथल्या चित्रकारांचा मोठा आकार आणि मोकळा हात पाहिला. परतल्यावर खुणा फुटल्या. आणि याच सुमारास त्याने चित्रांना नावं देणं थांबवलं, मागच्या बाजूला फक्त चित्र पूर्ण झाल्याची तारीख लिहू लागला.

साठच्या दशकातलं त्याचं एखादं चित्र घ्या आणि मी सुरुवातीला विचारलेला प्रश्न त्याला विचारा. मधोमध बहुधा एक गुंता असतो, आडवा पसरलेला किंवा कण्यासारखा उभा. काळे, तपकिरी, पांढरे फटकारे, काही सुरीने ओढलेले, काही कुंचल्याच्या दांड्याने खरवडलेले. हे वेगवान फटकारे सुलेखनाच्या हाताचे आहेत: सुरुवातीला दाब, मध्ये सुटणं, शेवटी झटका. वर आणि खाली मात्र रंग टर्पेंटाइनने इतका पातळ केलेला की तो ओघळला आहे, पसरला आहे, शाईने कागदावर करावं तसं कॅनव्हासवर करतो आहे. तैलरंग मुळात लोण्यासारखा, जागच्या जागी बसणारा. त्याला पाण्यासारखं वाहायला लावणं, हे पहिलं काम.

दुसरं काम त्याहून अवघड आहे. शाईत कोरी जागा राखायला कागद न रंगवणं पुरतं. तैलचित्रात न रंगवलेला कॅनव्हास नुसता कापड दिसतो, धुकं होत नाही. म्हणून झाओला रिकामेपण रंगवून काढावं लागलं, थरावर पातळ थर देत, आतून उजेड यावा अशा बेताने. शाईचं चित्र काही श्वासांत संपतं, हे थर वाळायला दिवस लागतात. एका दमातला फटकारा आणि आठवड्यांचं थांबणं, अशा दोन वेगळ्या काळांना त्याने एका पटावर आणलं. गुंत्याकडून नजर या पातळ जागेत गेली की ती वर चढते, आत शिरते, लांब पसरते. क्वो शीचे तिन्ही 'दूर' तिथे आहेत, पण डोंगर नाही. मिलाफ म्हणतात तो इथे आहे. बांबूत किंवा अक्षरात शोधायला गेलं की तो हुकतो.

शाईकडे त्याला आणलं ते दुःखाने. हाँगकाँगमध्ये भेटलेली आणि पुढे शिल्पकार झालेली दुसरी पत्नी मे बरीच वर्षं मानसिक आजाराने त्रस्त होती. तिच्या आजारपणात मोठ्या कॅनव्हाससमोर सलग उभं राहणं त्याला जमेना. मिशोने त्याला शाई घ्यायला सुचवलं, आणि १९७१ साली त्याने लहान कागदांवर पुन्हा शाई धरली. १० मार्च १९७२ रोजी मे गेली. त्याच वर्षी तो चीनला जाऊन आला, चोवीस वर्षांनी. सप्टेंबरमध्ये त्याने तिच्या स्मरणार्थ एक चित्र पूर्ण केलं, सव्वापाच मीटर लांब, नावं सोडून दिलेल्या माणसाने नाव दिलेलं. ते आज पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. गेरू आणि मधाच्या रंगांचा तो प्रचंड पट, त्यात तुटत जाणारा काळा प्रवाह, आणि उरलेली सगळी जागा त्या प्रवाहाला वाट करून देत थांबलेली. झाओचं एकच चित्र कुणाला दाखवायचं असेल तर मी हे दाखवेन.

शाई परत आल्यावर तैलचित्रंही बदलली. मधला गुंता सैल झाला, कडेला सरकला, उजेडाने मध्य व्यापला. चित्रं मोठी होत गेली. वास्तुरचनाकार आय. एम. पेई हा त्याचा जुना मित्र, दोघांचेही वडील बँकेतले. पेईच्या बीजिंगजवळच्या हॉटेलासाठी झाओने मोठी शाईचित्रं केली, आणि सिंगापूरच्या इमारतीसाठी १९८५ साली दहा मीटर लांबीचं तीन भागांचं तैलचित्र. हेच चित्र २०१८ साली हाँगकाँगच्या लिलावात ५१ कोटी हाँगकाँग डॉलरना गेलं आणि झाओचं नाव बातम्यांत आलं. ते भव्य आहे यात शंका नाही, पण मला त्याच्या हातभर कागदावरच्या शाया जास्त बोलतात. तिथे हात लपायला जागाच नसते.

हांगचौत त्याच्या आगेमागे शिकलेला वू क्वानचुंग १९४७ साली पॅरिसला गेला आणि १९५० साली मायदेशी परतला. सांस्कृतिक क्रांतीत त्याने आपली कितीतरी चित्रं स्वतःच्या हाताने नष्ट केली, शेतावर मजुरीला पाठवला गेला, आणि तरीही पुढे शाईतच रेषेला आणि ठिपक्यांना जवळजवळ अमूर्तापर्यंत नेलं. झाओ तेलातून शाईकडे आला, वू शाईतून अमूर्ताकडे गेला. झाओची चित्रं बीजिंगला आणि हांगचौला दाखवली गेली ती १९८३ साली, आणि १९८५ साली तो आपल्या जुन्या शाळेत महिनाभर शिकवून आला.

२००८ नंतर त्याने तैलरंग थांबवले. उरलेल्या वर्षांत हातात जलरंग होते, म्हणजे पुन्हा कागद, पाणी आणि न खोडता येणारा फटकारा. पुढे स्मृतिभ्रंशाने हे सगळं त्याच्याकडून काढून घेतलं. ९ एप्रिल २०१३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या न्याँ इथे तो वारला. त्याला पुरलं आहे पॅरिसमध्ये, मोंपार्नासच्या दफनभूमीत. १९४८ साली जाकोमेत्तीच्या शेजारी घेतलेला त्याचा स्टुडिओ तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होता.